थ्रेशोल्ड लावताच चेहऱ्याची एक बाजू काळी पडते : दोन रंगांचे चित्र बिघडण्याची कारणे आणि उपाय

छायाचित्र चांगले असते, चेहरा स्वच्छ दिसत असतो. पण त्याचे दोन रंगांतले चित्र करण्यासाठी फोटोशॉप किंवा गिम्पसारख्या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील थ्रेशोल्ड हे साधन लावले की चेहऱ्याची एक बाजू काळ्या डागात बुडून जाते. ती वर काढण्यासाठी स्लायडर डावीकडे सरकवला, तर उजेडातल्या बाजूचे नाक आणि गाल पांढऱ्यात विरून जातात. मधे कुठे थांबावे, तर दोन्ही बाजू अर्ध्यामुर्ध्या दिसतात. दुसऱ्या एखाद्या छायाचित्रावर हीच कृती सहज जमते, त्यामुळे या वेळी आपल्या हातून एखादी पायरी सुटली असावी असे वाटते आणि माणूस तोच स्लायडर पुन्हा पुन्हा हलवत बसतो. हा दोष स्लायडरने सुटणारा नाही. थ्रेशोल्ड फक्त कापण्याचे काम करतो. एकाच ठिकाणी कापून चालेल असे करडे चित्र त्याच्या हाती देणे हे आधीचे काम आहे, आणि नेमके तेच बहुतेक वेळा वगळले जाते.

आठ बिटच्या करड्या चित्रात प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ यांपैकी एक किंमत असते. थ्रेशोल्ड एक सीमा ठरवतो, सीमेच्या वरचे सगळे पांढरे करतो आणि खालचे सगळे काळे. फोटोशॉपमध्ये ही सीमा सुरुवातीला १२८ वर असते. आता खिडकीच्या बाजूने उजेड आलेला चेहरा डोळ्यांसमोर आणावा. समजा, उजेडातल्या गालाची किंमत २१० आहे आणि त्याच बाजूला नाकाची जी सावली पडली आहे तिची १४०. अंधारातल्या बाजूचा गाल ९५ आहे आणि तिकडचा डोळा ४०. सीमा १२८ वर ठेवली, तर ९५ आणि ४० दोन्ही काळे होतात, म्हणजे गाल आणि डोळा एकमेकांत मिसळतात. ती बाजू उलगडायची असेल, तर सीमा ७० च्या आसपास हवी. उजेडाच्या बाजूला मात्र नाकाची सावली टिकवायची असेल, तर सीमा १६५ च्या जवळ न्यावी लागते. एकाच चेहऱ्याला ७० आणि १६५ अशा दोन सीमा लागत असतील, तर दोन्हींचे समाधान करणारा एकच आकडा अस्तित्वातच नसतो, मग स्लायडर कितीही बारकाईने फिरवला तरी काय होणार?

स्वयंचलित थ्रेशोल्डचे बटनही याच कारणामुळे येथे फारसे कामाला येत नाही. नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडलेली प्रसिद्ध पद्धत हिस्टोग्राममधील, म्हणजे कोणत्या किमतीची किती पिक्सेल्स आहेत हे दाखवणाऱ्या आलेखातील, किमतींचे दोन गट पाडून त्यांना सर्वांत चांगले वेगळे करणारी सीमा शोधते. छापील कागदाच्या प्रतिमेवर असे तंत्र उत्तम चालते, कारण तेथे शाई आणि कागद असे दोनच गट खरोखर असतात. बाजूने उजेड आलेल्या चेहऱ्यात यंत्राला जे दोन गट दिसतात ते उजेड आणि अंधार हे असतात. डोळा कुठला, गाल कुठला याच्याशी त्या सीमेचा संबंध नसतो.

आधी करडे चित्र तपासावे

वेगवेगळ्या सीमा लावण्याच्या खटपटीत पडण्यापूर्वी रंगीत छायाचित्राचे करड्यात रूपांतर कसे झाले आहे, हे पाहणे आवश्यक आहे. रंगीत छायाचित्रावर थेट थ्रेशोल्ड लावला, तर हे रूपांतर सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीने परस्पर करून टाकते आणि ते आपल्याला दिसतही नाही. गिम्पच्या थ्रेशोल्डमध्ये व्हॅल्यू हे चॅनल निवडलेले असेल, तर तांबडा, हिरवा आणि निळा या तीन किमतींपैकी जी सर्वांत मोठी तीच त्या पिक्सेलची किंमत धरली जाते. एखाद्या गडद तांबड्या कापडाच्या किमती अनुक्रमे २००, ३० आणि ३० असतील, तर डोळ्यांना ते बरेच गडद दिसते, पण व्हॅल्यूच्या हिशेबाने त्याची किंमत २०० ठरते आणि १२८ च्या सीमेवर ते चक्क पांढरे होते. याउलट तीन रंगांना ०.२९९, ०.५८७ आणि ०.११४ असे नेहमीचे भार देऊन तेजस्विता काढली, तर तीच किंमत सुमारे ८१ येते आणि कापड काळे राहते. ओठ किंवा तांबडा काठ अचानक नाहीसा झाला अशी तक्रार असेल, तर सर्वांत आधी चॅनलची ही निवड बदलून ल्युमिनन्स (तेजस्विता) करून पाहावी. अनेकदा प्रश्न तेथेच संपतो.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे रूपांतर स्वतःच्या हातात घेणे. गिम्पमध्ये कलर्स मेनूतील डीसॅच्युरेट (रंग काढून टाकणे) या उपमेनूत तिन्ही रंगांचे वाटे ठरवून करडे चित्र करणारा मोनो मिक्सर आहे आणि फोटोशॉपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट किंवा चॅनल मिक्सर ही सोय आहे. त्वचा कोणत्याही वर्णाची असली तरी ती तांबडा प्रकाश सर्वांत जास्त परावर्तित करते. म्हणून तांबड्या चॅनलमध्ये, म्हणजे चित्रातील फक्त तांबड्याच्या किमती पाहिल्या तर, त्वचा उजळ आणि गुळगुळीत दिसते, डाग आणि पुटकुळ्या फिक्या पडतात, मात्र ओठही त्वचेत मिसळतात. निळ्या चॅनलमध्ये उलट घडते : त्वचा काळवंडते, प्रत्येक डाग उठून दिसतो आणि कॅमेऱ्याचे कणही (नॉइज) बहुधा तेथेच सर्वांत जास्त असतात. हिरवा चॅनल या दोहोंच्या मध्ये असतो आणि चेहऱ्याची ठेवण त्यात सर्वांत नीट टिकते. म्हणून चेहऱ्यासाठी हिरवा ६० टक्के, तांबडा ४० टक्के आणि निळा शून्य येथून सुरुवात करावी असे माझे मत आहे. तिघांची बेरीज १०० ठेवली की एकूण उजळपणा फारसा ढळत नाही. काळी पडणारी बाजू थोडीच काळी असेल, तर तांबड्याचा वाटा वाढवल्यानेही ती वर येते आणि पुढचा उपाय करावाच लागत नाही.

प्रत्येक भागाला त्याची वेगळी सीमा

करडे चित्र नीट करूनही दोन बाजूंना दोन सीमा लागत असतील, तर त्या द्याव्यात. यासाठी हार्ड मिक्स ही लेयरची (एकावर एक ठेवलेल्या चित्राच्या थरांची) मिश्रण पद्धत मला सर्वांत सोयीची वाटते. ती फोटोशॉपमध्ये आहे आणि गिम्पमध्ये २.१० या आवृत्तीपासून आहे. तिचा नियम सोपा आहे. वरच्या आणि खालच्या लेयरमधील पिक्सेलच्या किमतींची बेरीज २५५ पर्यंत पोहोचली तर पांढरे, न पोहोचली तर काळे. म्हणजे करड्या चित्राच्या वर एकाच करड्या रंगाने भरलेला लेयर ठेवून त्याची पद्धत हार्ड मिक्स केली, की तो लेयर स्वतःच थ्रेशोल्डचे काम करू लागतो. वरचा करडा जितका फिका, तितकी सीमा खाली येते. ९० चा करडा असेल तर १६५ ची सीमा मिळते, आणि १८५ चा असेल तर ७० ची.

याचा फायदा असा की वरचा लेयर सगळीकडे सारखाच ठेवण्याचे बंधन नसते. आधी तो मध्यम करड्याने भरावा. मग मऊ कडेचा मोठा ब्रश घेऊन, त्याची अपारदर्शकता १० ते २० टक्क्यांवर ठेवून, अंधारातल्या बाजूवर फिक्या करड्याने आणि उजेडातल्या बाजूवर गडद करड्याने हलके फटकारे मारत जावे. प्रत्येक फटकाऱ्याबरोबर खालचे काळे-पांढरे चित्र डोळ्यांदेखत बदलत जाते. डोळ्याभोवतीची काळी जागा मागे सरते, गालाची कड उमटते, नाकाची सावली आकार घेते. कुठे थांबायचे हे आकड्यांवरून ठरवण्याऐवजी चित्र पाहून ठरवता येते, हे या पद्धतीचे खरे मोल आहे. फिल्मच्या काळात अंधाऱ्या खोलीत छायाचित्रकार हात किंवा पुठ्ठा धरून कागदाच्या काही भागावर कमी आणि काहींवर जास्त प्रकाश पाडत असत, आणि डॉज व बर्न ही साधनांची नावे तेथूनच आली आहेत. येथे चालते ते त्याच जातीचे काम आहे.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे खालचा लेयर पूर्णपणे करडा असला पाहिजे. हार्ड मिक्स तिन्ही चॅनलवर स्वतंत्रपणे चालतो, त्यामुळे खाली रंगीत छायाचित्र राहिले असेल तर काळ्या-पांढऱ्याऐवजी तांबडे, हिरवे, निळे, पिवळे, जांभळट असे मिळून आठ भडक रंग दिसतात. असे रंग दिसले तर दोष हार्ड मिक्सचा नसून राहून गेलेल्या डीसॅच्युरेटचा आहे, असे समजावे. दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. फिका करडा जेथे गडद करड्याला मिळतो, ती सांधणीची जागा सपाट गालावर किंवा कपाळाच्या मध्यावर आली, तर प्रत्यक्षात नसलेली सावलीची एक कड तेथे उमटते आणि चेहरा विचित्र दिसतो. म्हणून सांधणी नाकाच्या दांड्यावरून, जबड्याच्या रेषेवरून किंवा केसांच्या कडेने न्यावी, म्हणजे जेथे मूळ छायाचित्रातही प्रकाश बदलतोच आहे तेथून.

फोटोशॉपमध्ये याला पर्याय म्हणून सर्वांत वर थ्रेशोल्डचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर ठेवून त्याच्याखाली ५० टक्के करड्याने भरलेला सॉफ्ट लाइट पद्धतीचा लेयर ठेवता येतो आणि त्यावर पांढऱ्या-काळ्या ब्रशने रंगवता येते. परिणाम बराचसा तोच मिळतो, परंतु सॉफ्ट लाइट अतिशय गडद भाग फारसे उचलत नाही. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिम्प ३.० मध्ये फिल्टर नंतरही बदलता येतील अशा रीतीने लावण्याची सोय झाली आहे. जुन्या आवृत्तीत थ्रेशोल्ड एकदा लावला की छटा कायमच्या जातात, त्यामुळे तेथे हार्ड मिक्सचा मार्गच सुरक्षित आहे.

छायाचित्रातील उजेडाचा उतार आपोआप सपाट करण्याची एक युक्ती अनेक जण सुचवतात. लेयरची प्रत काढायची, तिला मोठ्या त्रिज्येचा गॉसियन ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) द्यायचा, उदाहरणार्थ २००० पिक्सेल रुंदीच्या चित्रात १०० ते १५० पिक्सेलचा, आणि मिश्रण पद्धत डिव्हाइड (भागाकार) करायची. हाय पास फिल्टरही साधारण हेच काम करतो. कागदपत्रांसाठी हा उपाय उत्तम आहे. चेहऱ्यासाठी मात्र तो जपून वापरावा, कारण तो प्रत्येक ठिकाणची किंमत आजूबाजूच्या सरासरीशी ताडून पाहतो, आणि त्यामुळे केसांसारखा मोठा काळा भाग आतून पोकळ होऊन नुसती त्याची कड उरते. डिव्हाइड लेयरची अपारदर्शकता ४० ते ६० टक्क्यांवर आणली, तर उतार बराच कमी होतो आणि केसही भरीव राहतात.

ठिपके, दातेरी कडा आणि तिसरा रंग

चेहरा जमल्यावर पुढची तक्रार बहुधा ठिपक्यांची असते. सीमेच्या अगदी जवळच्या किमती असलेल्या भागात कॅमेऱ्याचे कण एका पिक्सेलला वर आणि शेजारच्याला खाली ढकलतात, म्हणून पार्श्वभूमीवर आणि गालावर मिरे सांडल्यासारखे दिसते. हे ठिपके थ्रेशोल्डनंतर पुसत बसण्यापेक्षा थ्रेशोल्डच्या आधी मीडियन ब्लर द्यावा. २ ते ५ पिक्सेलची त्रिज्या सहसा पुरते. गॉसियन ब्लर कडाही विरघळवतो, तर मीडियन कडा बऱ्यापैकी जागेवर ठेवून कण घालवतो. त्याची त्रिज्या मुद्दाम वाढवली, तर आकार मोठे आणि गोलसर होतात आणि कागद कापून केल्यासारखी शैली येते.

दातेरी कडांचे कारण थ्रेशोल्डच्या स्वभावातच आहे. कडेवरची सौम्य करडी पिक्सेल्सच तिरकी रेषा गुळगुळीत भासवतात आणि थ्रेशोल्ड नेमकी तीच काढून टाकतो. म्हणून काम सुरू करण्याआधी चित्र दोन ते तीन पट मोठे करावे, सगळी कृती त्या आकारात करावी, आणि शेवटी दृश्य परिणामाचा एकच लेयर बनवून त्याला २ ते ३ पिक्सेलचा गॉसियन ब्लर द्यावा. गिम्पमध्ये असा लेयर न्यू फ्रॉम व्हिजिबल या आज्ञेने मिळतो आणि खालचे लेयरही शाबूत राहतात. मग लेव्हल्स (काळ्या-पांढऱ्याची टोके ठरवणारे साधन) उघडून इनपुटचे काळे टोक ११५ च्या आणि पांढरे टोक १४० च्या आसपास आणावे. थ्रेशोल्डसारखाच काप मिळतो, परंतु कडेवर थोड्या छटा उरतात. त्यानंतर चित्र मूळ आकारात आणले की रेषा स्वच्छ दिसतात. मुळातच ३००-४०० पिक्सेलचे असलेले छायाचित्र मोठे केल्याने त्यात नसलेला तपशील येत नाही, पण कडा नक्कीच सुधारतात.

यानंतर रंग भरताना आणखी एक घोटाळा होतो. काळ्या भागात बकेट फिलने रंग ओतला, तर कडेवरच्या त्या मोजक्या करड्या छटा तशाच राहतात आणि दोन रंगांच्या मध्ये एक मळकट किनार दिसते. बकेटची सहनशीलता (टॉलरन्स) वाढवून ही किनार कधीच पूर्ण जात नाही. रंग ग्रेडियंट मॅपने द्यावेत. तो काळ्याच्या जागी पहिला रंग आणि पांढऱ्याच्या जागी दुसरा ठेवतोच, शिवाय मधल्या छटांच्या जागी त्याच दोन रंगांचे मिश्रण भरतो, त्यामुळे कडा मऊ राहूनही तिसरा रंग डोळ्यांत भरत नाही. गिम्पमध्ये हा पर्याय कलर्स मेनूतील मॅप या उपमेनूत आहे आणि तेथे अग्रभागाच्या रंगापासून पार्श्वभूमीच्या रंगापर्यंत जाणारा ग्रेडियंट निवडलेला असावा लागतो. ग्रेडियंट मॅप लावूनही चित्र करडेच राहत असेल, तर इमेज मेनूतील मोड पाहावा. चित्र ग्रेस्केल मोडमध्ये असेल, तर त्यात रंगाला जागाच नसते. ते आरजीबी करून पुन्हा प्रयत्न करावा. फोटोशॉपच्या ग्रेडियंट मॅपमधील डिदर ही खूण काढून टाकणे बरे, कारण ती छटांमध्ये बारीक कण मिसळते.

चित्र उलटे, म्हणजे निगेटिव्हसारखे दिसू लागले, तर दोन रंगांची अदलाबदल झालेली असते. गडद रंग सावलीला आणि फिका रंग उजेडाला मिळाला पाहिजे. क्वचित गिम्पमध्ये कपाळावरचा किंवा नाकाच्या टोकावरचा सर्वांत उजळ ठिपकाच काळा झालेला आढळतो. तेथील थ्रेशोल्डला खालची आणि वरची अशा दोन सीमा असतात आणि वरची सीमा चुकून २५५ च्या खाली सरकलेली असली, की तिच्याही वरची पिक्सेल्स काळी होतात.

दोन रंग निवडताना ते केवळ वेगळे असून भागत नाही, त्यांच्या उजळपणात अंतर हवे. तांबडा आणि हिरवा एकमेकांहून कितीही भिन्न असले, तरी दोघे सारखेच उजळ असतील तर चेहरा दिसेनासा होतो. निवडलेली जोडी क्षणभर डीसॅच्युरेट करून पाहिली की हे लगेच कळते.

पडद्यावर पाहण्यासाठी आणि छापण्या-कापण्यासाठी

वर सांगितलेल्या मऊ कडा पडद्यावर हव्याच असतात. स्क्रीन प्रिंटिंगसाठी किंवा व्हिनाइल कापणाऱ्या यंत्रासाठी फाइल द्यायची असेल, तर मात्र त्या नकोत. तेथे प्रत्येक पिक्सेल एकाच बाजूचा असावा लागतो. अशा वेळी लेव्हल्सची पायरी गाळून चित्र मोठ्याच आकारात ठेवावे आणि शेवटचा काप थ्रेशोल्डनेच करावा. मोठ्या आकारामुळे दाते छापल्यावर दिसत नाहीत. इमेज मेनूतून मोड इंडेक्स्ड (मोजक्या ठरावीक रंगांचा) करताना दोनच रंगांची पॅलेट घ्यावी आणि डिदरिंग (ठिपक्यांनी मधल्या छटांचा भास करणे) बंद ठेवावे. ते चालू राहिले तर फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धतीने उरलेल्या कडांवर ठिपक्यांची नक्षी उमटते. चित्र अजून काळे-पांढरे असतानाच हिस्टोग्राम उघडून पाहावा. दोन टोकांना दोन उभ्या रेषा आणि मधे काहीही नाही, असे दिसले तर फाइल शुद्ध दोन रंगांची आहे. यंत्राला व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांनी साठवलेले चित्रच हवे असेल, तर इंकस्केप या सॉफ्टवेअरमधील ट्रेस बिटमॅप वापरावे. त्यात बारीक ठिपके वगळण्याचीही सोय आहे. स्टेन्सिल कापायचे असल्यास मात्र प्रत्येक सुटे बेट, उदाहरणार्थ बुबुळातील चमक, गळून पडणार हे ध्यानात घेऊन त्याला आजूबाजूच्या भागाशी जोडणारी पट्टी आधीच रंगवून ठेवावी लागते.

फाइल पीएनजी स्वरूपात साठवावी. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून ते दाबते, त्यामुळे प्रत्येक तीव्र कडेभोवती फिकट ठिपक्यांची वलये येतात. शिवाय रंगाची माहिती बहुधा निम्म्या बारकाईने साठवली जात असल्याने तांबड्या आणि निळ्याची कड हमखास पुसट होते. संदेशाच्या अ‍ॅपमधून चित्र पाठवल्यावर ते बिघडलेले पोहोचले, तर बहुतेक वेळा अ‍ॅपने त्याचे जेपीईजी केलेले असते. तीच फाइल चित्र म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून पाठवली की ती जशीच्या तशी पोहोचते.